दोघंही एएस

आत्या सिकलसेलच्या तपासण्या करत निवृत्त झाली. चहाची गाळणीसुद्धा ती उजेडाकडे धरून बघते.

"त्याचा रिपोर्ट आला," मी म्हणाले. "त्याचाही एएस."

तिनं गॅस बंद केला. "जीवशास्त्र तू शिकतेस. तूच सांग."

"दोघंही वाहक, तर दर बाळंतपणाला एसएस, म्हणजे आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के."

"'दर बाळंतपणाला' म्हणालीस ते बरं केलंस. पहिलं मूल आजारी निघालं की 'आता पुढची तिन्ही चांगली' असा हिशेब करणारे किती आईबाप बघितले मी. फाशांना मागचं दान आठवत नसतं."

"मला राग आमच्या पुस्तकाचा येतो. लैंगिक प्रजननाचं केवढं कौतुक! दर पिढीत पत्ते पिसले जातात, वैविध्य येतं, जंतूंना चकवता येतं. आणि आमच्या घरी पिसले ते असे."

"तशाच पत्त्यांवर तगलीस. आपलं मूळ गाव गडचिरोलीकडचं, हिवतापाचं रान. सिकलसेलचा एकच एस जीन असलेल्या मुलांना मलेरियाचा तडाखा कमी बसतो, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. आणि मलेरियाचा जंतूही डासाच्या पोटात जोडीदार गाठतो बरं का. पत्ते तोही पिसतो."

"मग सरकारला 2047 पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन करायचंय, ते नेमकं कशाचं? वाहकांनी वाहकांशी लग्न टाळलं तर आजार थांबेल. पण एस? एसएस मूल दगावलं की त्याच्याबरोबर दोन एस जायचे. आता तेच एस नसलेल्या एए घरांत सुखरूप पोचतील. म्हणजे लग्न मोडून आम्ही जीन जपायचा!"

"जपला तर काय बिघडलं? वेदना नको आहेत. एस असलेली माणसं नकोत असं कोण म्हणतंय?"

"मला मात्र न जन्मलेल्या मुलासाठी समोरचा माणूस सोडायला सांगताय."

"सोड म्हणाले नाही मी. गर्भाची तपासणी होते. दत्तक घेता येतं."

"तपासणीत एसएस निघालं तर? दादानं हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या घेत कॉलेज केलं. तो जन्मला नसता तर बरं, असं त्याच्या तोंडावर म्हणशील?"

आत्या बराच वेळ बोलली नाही. धीराचे शब्द तिच्याकडे पुष्कळ असतात, टेबलामागून तिनं ते आयुष्यभर वाटले. आज एकही काढला नाही, म्हणून मला ती जवळची वाटली.

"त्याच्या कळाही मी ऐकल्यात," अखेर ती म्हणाली. "थंडीतल्या रात्री हाडं धरून बसायचा. वहिनी पाय चेपायची, आणि तिला वाटायचं हे आपणच दिलंय. ते तुला झेपेल?"

"माहीत नाही."

"दादाला विचारलंस कधी?"

विचारलं नव्हतं. आमच्या सगळ्या वादात त्याचं उदाहरण असतं, तो नसतो.

आत्यानं गॅस पुन्हा लावला आणि तिसरा कप काढला. "हाक मार त्याला. जागा असेल."