बोलावणे आणि मोकळीक

पुनरुत्थानकाळातील चौथ्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये उत्तम मेंढपाळाचे शुभवर्तमान वाचतात आणि धर्मगुरुपदासाठी, व्रतस्थ जीवनासाठी तरुण-तरुणी पुढे यावेत म्हणून प्रार्थना करतात. पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली हा जागतिक प्रार्थनादिन सुरू केला. वसईतल्या आमच्या चर्चमध्येही त्या दिवशी मिस्सेत ही विनंती होते आणि सगळे मनापासून ‘आमेन’ म्हणतात. तरीही आपल्याच मुलाने उद्या सेमिनरीत जातो म्हटले, किंवा मुलीने कॉन्व्हेंटचे नाव काढले, तर घरात आनंद होईल असे छातीवर हात ठेवून सांगणारे आईबाप आज किती निघतील, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

मी त्या आईबापांना दोष देत नाही. एक किंवा दोनच लेकरे असलेल्या घरात म्हातारपणी कोण बघणार, वाडी कोण सांभाळणार, नातवंडे कुठून येणार, या काळज्या खऱ्या आहेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक काळजी असते, ती सहसा बोलून दाखवली जात नाही. ज्या वाटेवर लेकराला पाठवायचे, ती आतून कशी आहे हे आपल्याला कोणी मोकळेपणाने सांगितलेलेच नसते. फादरांच्या वाढदिवसाला आपण हार घालतो, सिस्टरांकडे मुलांचे दाखले मागायला जातो. त्यांचे एकटेपण, त्यांचे आजारपण, त्यांचे आपापसातले ताण आपल्याला ठाऊक नसतात. पाचारणाला, म्हणजे या बोलावण्याला, उत्तेजन द्यायचे तर ही वाट आहे तशी दाखवली पाहिजे, आणि तिच्यावरून परत फिरण्याची मोकळीकही मनापासून दिली पाहिजे. संख्या भरून काढण्याच्या घाईत नेमके तेच राहून जाते, असे माझे म्हणणे आहे.

संख्येची चिंता निराधार नाही. १९७०च्या सुमारास जगात सुमारे दहा लाख धर्मभगिनी होत्या. आज त्या सहा लाखांहून कमी आहेत. धर्मगुरू चार लाखांच्या थोडे वर आहेत, पण सेमिनरीत शिकणाऱ्यांचा आकडा गेली दहाबारा वर्षे उतरतो आहे. जर्मनीतल्या कित्येक धर्मग्रामांत आज भारतीय फादर मिस्सा म्हणतात. आपल्याकडेही केरळ आणि मंगळूरकडून येणारा ओघ आटला आहे, आणि महाराष्ट्रातल्या कॉन्व्हेंटमध्ये झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, ईशान्य भारत इथल्या मुली अधिक दिसू लागल्या आहेत.

मात्र या उतरत्या आकड्यांचा अर्थ श्रद्धाही त्याच प्रमाणात आटली, असा लावायला मी तयार नाही. माझ्या आजोबांच्या पिढीत वसईच्या शेतकरी घरात सहा-सात मुले असत. पानवेल, केळी आणि फुले यांवर चालणाऱ्या घराला सगळ्यांना शिकवणे परवडत नसे. सेमिनरीत गेलेला मुलगा इंग्रजी, लॅटिन, तत्त्वज्ञान शिके, एखादा रोमला जाई, आणि गावी आला की वडीलधारेही उठून उभे राहत. त्याच्या होकारात श्रद्धा होतीच. त्याबरोबर शिक्षणाची भूक होती, मानाची ओढ होती, घरातले एक खाणारे तोंड कमी होण्याची सोयही होती. अशा सरमिसळ हेतूंनी गेलेल्यांतूनच उत्तम धर्मगुरू घडले, हे मी पाहिले आहे. म्हणून त्या पिढीला मी कमी लेखत नाही. आज शिकण्यासाठी सेमिनरीची गरज उरलेली नाही. इंजिनिअरिंग आहे, नर्सिंग आहे, आखात आहे, कॅनडाचा व्हिसा आहे. हे सगळे हाताशी असताना जो जातो, त्याच्या होकाराचे वजन वेगळे आहे. त्याला तोलण्यासाठी जुन्या पिढीचा तराजू वापरू नये.

आणि माणसे मिळत नाहीत असे म्हणताना हेही आठवावे, की एके काळी दाराशी आलेल्या माणसांना चर्चनेच परत पाठवले होते. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे मातेउश द काश्त्रू यांना गोव्यात गुरुदीक्षा नाकारली गेली. ते रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशपही झाले. पुढे बाणावलीचे जुझे वाझ आले. युरोपीय व्रतस्थ संघांची दारे तेव्हा देशी धर्मगुरूंना जवळजवळ बंदच होती. म्हणून गोव्यातल्या काही धर्मगुरूंनी एकत्र येऊन ऑरेटरी नावाच्या संघाची स्थापना केली होती. १६८५ साली वाझ त्यात गेले. डच सत्तेखालच्या श्रीलंकेत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी आहे, तिथले श्रद्धावंत वर्षानुवर्षे मिस्सेवाचून आहेत, हे त्यांना कळले होते. १६८७ साली मजुराच्या वेशात ते तिथे उतरले आणि १७११ साली कॅन्डीत देह ठेवीपर्यंत तिथेच राबले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले. या माणसाला कोणत्याही पाचारण शिबिरात निवडलेले नव्हते, कोणी पत्रक दिलेले नव्हते. जिथे कोणी नाही तिथे मी गेले पाहिजे, एवढे त्याला कळले होते, आणि घरच्याच चर्चने आखून दिलेल्या मर्यादा ओलांडून तो गेला.

वसईकरांना तर देशी धर्मगुरूंचे मोल वेगळे सांगायला नको. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली, युरोपीय संघांचे मठ ओस पडले. त्यानंतर इथली ख्रिस्ती गावे सांभाळण्याचे काम देशी धर्मगुरूंच्या खांद्यावर आले. ते नसते, तर आज मराठीत मिस्सा म्हणणारा हा समाज उरला असता की नाही, याची मला शंका आहे.

दारे बंद करण्याची ती सवय पूर्ण गेली आहे का? भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित ख्रिस्ती बांधवांविषयी धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चच्या आतल्या भेदभावाची दखल घेणे तिला भाग पडले. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे ते. नगर जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या दलित ख्रिस्ती वस्त्यांतला मुलगा सेमिनरीत जातो, तेव्हा त्याच्या इंग्रजीवरून, त्याच्या आडनावावरून त्याला काय ऐकावे लागते, हे तिथल्या वरिष्ठांनी आधी विचारावे. पाचारणाची कमतरता तिथेही तयार होत असते.

आपल्या समाजाची आणखी एक चूक मला सलते. वसईला ज्या संताचा सर्वांत जास्त अभिमान, ते गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हतेच. ते वसईत जन्मले, जपानमध्ये त्यांनी जेझुइटांच्या हाताखाली धर्मशिक्षकाचे काम केले, पण त्या संघात त्यांना घेतले गेले नाही. मग त्यांनी व्यापार केला, आणि पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांना क्रुसावर मारले गेले. गासच्या चर्चला त्यांचे नाव आहे, वसईच्या कॉलेजला आहे. असे असताना आजही गुरुदीक्षा झाली की मांडव पडतो, ब्रास बँड लागतो, गाव जेवते. आणि त्याच गावच्या मुलीने कायमची व्रते घेतली तर चार नातेवाईक गाडी करून दूरच्या कॉन्व्हेंटमध्ये जाऊन येतात. बंधू म्हणून व्रत घेतलेल्या मुलाला तर ‘फादर कधी होणार’ असे विचारतात. प्रतिष्ठेच्या या उतरंडीवर उभे राहून आपण मुलींनी पुढे यावे म्हणून प्रार्थना करतो.

मुलींविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण सगळ्यात कमी बोलले जाते ते त्यांच्याविषयी. धर्मप्रांतातला धर्मगुरू ब्रह्मचर्य स्वीकारतो आणि बिशपच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो. दारिद्र्याचे व्रत तो घेत नाही. व्रतस्थ भगिनी तिन्ही व्रते घेते. शाळेत शिकवून किंवा रुग्णालयात राबून मिळवलेला तिचा पगार संघाचा होतो. हे तिने समजून-उमजून स्वीकारलेले असते, आणि त्यात एक मोठे स्वातंत्र्यही आहे. कशाचीच मालकी नसलेली बाई जिथे पाठवाल तिथे जाऊ शकते. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशातल्या आदिवासींना सावकारी पाशातून सोडवत हिंडत होत्या. १९९५ साली त्यांना बसमधून ओढून मारण्यात आले. असे निर्भय आयुष्य ज्या जीवनरीतीतून उभे राहते, तिच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे.

म्हणूनच तिच्यातली विटंबना सहन होत नाही. मार्च २०१८मध्ये व्हॅटिकनच्या दैनिकाच्या महिलाविषयक मासिक पुरवणीने लिहिले, की धर्माधिकाऱ्यांच्या घरी कित्येक धर्मभगिनी स्वयंपाकपाणी आणि साफसफाई करतात आणि त्यांना धड मोबदलाही मिळत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात केरळच्या धर्मभगिनी एका बिशपवर अत्याचाराचा आरोप केलेल्या आपल्या सहकारी भगिनीला न्याय मिळावा म्हणून कोचीत रस्त्यावर बसल्या. पुढे न्यायालयात काय झाले हा वेगळा विषय. पण त्यांना रस्त्यावर यावे लागले, हे प्रत्येक घरातल्या आईने पाहिले. तिला आता पाचारणाची सुंदर पत्रके पुरणार नाहीत. तिला विचारायचे आहे: माझ्या मुलीवर अन्याय झाला तर ती कोणाकडे जाईल, आणि तिला बाहेर पडावेसे वाटले तर तिच्या हातात काय असेल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चर्चच्या कायद्यात आहे. संघ सोडणाऱ्या व्यक्तीला तिथे केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येत नाही, असे ७०२वे कलम सांगते. त्याच कलमाचा पुढचा भाग मात्र संघाने तिच्याशी न्यायाने आणि ख्रिस्ती प्रेमाने वागावे असे बजावतो. हा पुढचा भाग किती प्रेमाने पाळायचा, हे वरिष्ठांच्या मनावर राहते. पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलेल्या बाईजवळ ना साठवलेले पैसे, ना स्वतःचे घर, आणि माहेरी वहिनीच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. या भीतीपोटी जी आत राहते, तिच्या राहण्याला पाचारण म्हणता येईल का? मला वाटते, प्रत्येक संघाने मुलीला प्रवेश देतानाच लेखी सांगावे, की तू कधीही गेलीस तर उभी राहीपर्यंत आम्ही तुला इतके देऊ. असे लिहून दिल्याने मुली पटापट सोडून जातील, अशी धास्ती ज्यांना वाटते, त्यांचा आपल्याच जीवनरीतीवर विश्वास कमी आहे.

चर्चचा कायदा या बाबतीत आपल्या सवयींपेक्षा सुज्ञ आहे. कोणालाही कोणत्याही प्रकारे, कोणत्याही कारणासाठी गुरुदीक्षा घ्यायला भाग पाडणे त्याने साफ निषिद्ध ठरवले आहे. व्रतस्थ संघातल्या नवदीक्षेसाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण हवीत. धर्मगुरू होण्यासाठी पंचवीस. तात्पुरती व्रते किमान तीन वर्षे पाळल्यावरच कायमची व्रते घेता येतात. सेमिनरीतली तत्त्वज्ञानाची, ईशज्ञानाची सारी लांबण याचसाठी आहे, की माणसाला विचार करायला आणि मागे फिरायला वेळ मिळावा. पण दूरच्या आदिवासी पाड्यावरून दहावी झालेल्या चार मुली एकदम आणल्या जातात, त्यांना इथली भाषा येत नाही, घरी परत जायला गाडीभाडे नसते, तेव्हा कायद्याने दिलेली मोकळीक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अशा भरतीने खोल्या भरतात. त्यापेक्षा रिकाम्या खोल्या बऱ्या.

येशूच्या शिष्यांच्या गोष्टी आपण शिबिरांत सांगतो: जाळी टाकून निघालेले कोळी, जकातनाका सोडून उठलेला मत्तय. श्रीमंत तरुणाची गोष्ट मात्र आपण संपत्तीच्या धोक्याविषयी म्हणून सांगतो आणि पुढे जातो. मार्कच्या शुभवर्तमानात येशू त्याच्याकडे प्रेमाने पाहतो, मग त्याला सर्व सोडून मागे यायला सांगतो, आणि तो खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्यामागे धावत नाही. अट सैल करत नाही. त्याला शापही देत नाही. ज्या बोलावण्याला नकार मिळाला, त्याचीही नोंद शुभवर्तमानाने ठेवली आहे, आणि त्या प्रेमाने पाहण्यात त्याच्या नकाराने काही कमी झाले असे मार्क लिहीत नाही. पाचारणाच्या कामात असलेल्या प्रत्येकाने हा प्रसंग रोज वाचावा.

मग मुले खेचली जातात कशाने? माझ्या पाहण्यात तरी ती माणूस पाहून जातात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षे ‘सुवार्ता’ मासिक चालवले, वसईची जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी गुंडगिरीसमोर उभे राहिले, बायबल सुबोध मराठीत आणले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. नगर भागात स्विस जेझुइट फादर हर्मन बाकर यांनी पाणलोटाच्या कामात आयुष्य घातले. तिथल्या शेतकऱ्यांना ते आपलेच वाटत. धर्मगुरू म्हणजे काय हे कळायला या दोघांकडे पाहणे पुरेसे होते. आज आमचे कित्येक तरुण फादर शाळेचे बांधकाम, परवानग्या, हॉलची भाडी यांत अडकलेले दिसतात. सतरा वर्षांच्या मुलाला त्यांच्यात एक थकलेला व्यवस्थापक दिसतो, आणि व्यवस्थापक व्हायला ब्रह्मचर्य लागत नाही. हिशेब आणि बांधकामे प्रापंचिकांनी अंगावर घ्यावीत. आमच्यात लेखापाल आहेत, इंजिनिअर आहेत; तेवढी सेवा आपण केली, तर फादरांना आजाऱ्याच्या उशाशी बसायला वेळ मिळेल आणि मुलाला तिथे बसलेला धर्मगुरू दिसेल.

शिबिरांबद्दलही एक मागणी आहे. तिथे तीस वर्षे व्रतात काढलेल्या सिस्टरला बोलवावे आणि त्यातली कोरडी वर्षे कशी गेली ते तिला सांगू द्यावे. तिच्या शेजारी सेमिनरीत सहा-सात वर्षे राहून बाहेर पडलेल्यालाही बसवावे. असे लोक प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांना बायबल येते, तत्त्वज्ञान येते, प्रार्थना करता येते. आणि मिस्सेनंतर लोक त्यांची नजर चुकवतात. त्यांच्यावर ‘सोडून आलेला’ असा शिक्का बसलेला असतो, आणि तो शिक्का पाहूनच दुसरी मुले आत पाऊल टाकायला घाबरतात. पुढच्या पाचारण शिबिराच्या पत्रकावर अशा एकाचे नाव वक्ता म्हणून छापावे, असा ठराव मी आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे मांडणार आहे.