खिशातला हात



कपडे धुवायला टाकण्याआधी आपल्या प्रत्येक घरात एक काम न चुकता होते. आई किंवा पत्नी शर्ट-पँटचे खिसे उलटे करून पाहते. त्यातून काय काय निघते! लोकलचा पास, दोन रुपयांचे नाणे, दुकानाची पावती, पेनाचे टोपण, गोळ्यांची अर्धी पट्टी, चुरगळलेला रुमाल, एखाद्याच्या खिशातून जपमाळ. नोट भिजायची वाचते, शाईचा डाग पडायचा वाचतो. या झडतीबद्दल कोणाचीच तक्रार नसते.

पण कधीतरी त्याच खिशातून असे काही निघते, की हात तिथेच थांबतो. आता काय करायचे?

मला गुरुदीक्षा मिळून दुसरेच वर्ष होते. दुसऱ्या एका धर्मग्रामात मी सहायक धर्मगुरू होतो. (पुढची हकिकत त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. गावाचे नाव विचारू नये, ही विनंती.) एके दिवशी सकाळच्या मिस्सानंतर एक मावशी कार्यालयात आल्या. पदराच्या टोकाला बांधलेली गाठ सोडून त्यांनी टेबलावर गुटख्याची रिकामी पुडी ठेवली.

‘‘फादर, पोराच्या पँटमध्ये मिळाली. सतरा वर्षांचा आहे. आता तुम्हीच त्याला बोला.’’

मी तरुण होतो आणि माझ्याकडे उत्तर तयार होते. संध्याकाळी मुलाला बोलावून घेतले. आईला शेजारी बसवले, पुडी टेबलावर ठेवली आणि शरीर हे देवाचे मंदिर आहे यावर वीस मिनिटे बोललो. मुलगा एक शब्द बोलला नाही. त्याने पुडीकडे पाहिले नाही, माझ्याकडेही पाहिले नाही. तो सारा वेळ आईकडे पाहत होता. शेवटी मान हलवून निघून गेला.

महिन्याभराने मावशी आनंदाने सांगत आल्या, ‘‘फादर, आता खिसे अगदी स्वच्छ असतात.’’ मलाही समाधान वाटले. पुढे कितीतरी वर्षांनी कळले, की पुडी खिशातून निघून सायकलच्या सीटखालच्या स्प्रिंगमध्ये गेली होती. खिसा तेवढा स्वच्छ झाला होता.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे: ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याच्या खिशात हात घालण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण आज खिशात नुसता रुमाल आणि पास नसतो, मोबाइल असतो. त्यात माणसाची पत्रे, फोटो, पैसे, मैत्री, भांडणे, तो कोठे गेला आणि रात्री किती वाजता झोपला, सारे असते. पूर्वी आईला मुलाच्या खिशात एक पुडी सापडायची. आज त्याचे अख्खे मन सापडू शकते. ‘पासवर्ड सांग’ यावरून घराघरांत वाद होतात. लग्नाला वर्षही न झालेली जोडपी याच कारणाने माझ्यासमोर येऊन बसली आहेत.

खिशातल्या वस्तू काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते आधी पाहू.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांना १४ एप्रिल १८६५ च्या रात्री नाटक पाहत असताना गोळी घातली गेली. त्या वेळी त्यांच्या खिशांत जे होते, ते कुटुंबाने जपून ठेवले. १९३७ साली त्यांच्या नातीने त्या वस्तू अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला दिल्या आणि १९७६ साली त्या लोकांना पाहायला मिळाल्या. दोन चष्मे, त्यांतील एकाची काडी दोऱ्याने बांधलेली. एक चाकू, एक रुमाल, एक चामडी पाकीट. पाकिटात वर्तमानपत्रांची काही कात्रणे, त्यांतील काहींत त्यांची स्तुती केलेली. चार वर्षे जिवाच्या आकांताने युद्ध चालवणारा आणि रोज शिव्या खाणारा हा माणूस कोणीतरी लिहिलेले चार बरे शब्द खिशात बाळगून होता. हे वाचल्यावर लिंकन मला अधिकच आपले वाटू लागले.

पण त्याच पाकिटात पाच डॉलरची एक नोट होती, आणि ती शत्रूची होती. ज्या दक्षिणेकडील राज्यांशी त्यांचे युद्ध होते, त्यांच्या सरकारने काढलेली. एखाद्या शिपायाने दुसऱ्या कोणाच्या खिशात ती पकडली असती, तर तो फितूर ठरला असता. प्रत्यक्षात काही दिवसांपूर्वीच शत्रूची राजधानी रिचमंड पडली होती आणि लिंकन स्वतः तेथे जाऊन आले होते. ती नोट बहुधा त्या भेटीची आठवण असावी. म्हणजे वस्तू खरी असली, तरी तिचा अर्थ त्या वस्तूवर छापलेला नसतो. तो ज्याचा खिसा, त्यालाच विचारावा लागतो.

दुसरा खिसा फ्रान्समधला आहे. ब्लेझ पास्काल हे मोठे गणिती आणि विचारवंत १६६२ साली वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारले. त्यानंतर त्यांच्या नोकराला त्यांच्या अंगरख्याच्या अस्तरात काहीतरी शिवलेले हाताला लागले. उसवून पाहिले तर आत एक लिखाण. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे दोन तास त्यांना देवाचा जो जिवंत अनुभव आला, तो त्यांनी मोजक्या शब्दांत टिपून ठेवला होता. आठ वर्षे तो कागद त्यांनी छातीशी बाळगला. म्हणजे लपवलेले सारेच काळे नसते. माणूस आपले पाप लपवतो, तशीच आपली सर्वांत पवित्र गोष्टही लपवतो. झडती घेणाऱ्या हाताला हा फरक बाहेरून कळत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञाची ओळख झाली. पहिल्या महायुद्धात ते रेडक्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम करीत. प्रत्येक सैनिकाचे एक कार्ड असे: नाव, तुकडी, शेवटचे कोठे दिसला. पण ज्या आया आणि बायका चौकशीला येत, त्यांच्यासाठी तो सैनिक कार्डावर मावणारा नव्हता. या अनुभवाचा मार्सेल यांच्या विचारावर खोल परिणाम झाला. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘असणे आणि जवळ असणे’ या अर्थाच्या ग्रंथात त्यांनी समस्या आणि गूढ यांत भेद केला. समस्या माझ्यासमोर असते. ती मी बाहेरून तपासतो आणि सोडवतो. गूढात मी स्वतःच गुंतलेला असतो, त्यातून मला बाजूला काढता येत नाही. बंद पडलेला पंप ही समस्या आहे. पोटचा मुलगा हे गूढ आहे.

त्या संध्याकाळी मी नेमकी हीच चूक केली. एका मुलाची मी समस्या केली. माझ्याकडे माहिती होती, पुरावा टेबलावर होता. पण तू हे कधी सुरू केलेस, कोणाबरोबर, कशासाठी, असे एकदाही मी त्याला विचारले नाही. विचारण्यासारखे काही उरलेच नाही, असे मला वाटले होते.

मग त्या मावशींनी खिसा तपासायलाच नको होता का? तसे मी म्हणणार नाही. गुटखा म्हणजे खेळ नव्हे. सुपारीमुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली स्पष्ट केले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ज्या हाताने मुलाला जेवू घातले, तो हात धोका दिसल्यावर मागे घ्यायचा, हे प्रेम नव्हे. ‘मला काय त्याचे’ या वृत्तीला आदर असे गोंडस नाव देता येते, पण तो आदर नसतो.

कायद्याचे म्हणाल, तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. सरकारपुढे उभ्या असलेल्या माणसाला हे मोठे संरक्षण आहे. पण घराच्या उंबरठ्याआत आई आणि मूल, पती आणि पत्नी यांच्यात काय करावे, हे न्यायालय सांगू शकत नाही. तिथे उजेड दुसरीकडून घ्यावा लागतो.

शुभवर्तमानात दोन प्रसंग आहेत. पहिला कराच्या नाण्याचा. येशूला पकडायला आलेले लोक विचारतात, की सम्राटाला कर द्यावा की नाही. येशू त्यांच्याकडेच एक नाणे मागतो. आपण त्याचे उत्तर लक्षात ठेवतो, पण मागण्याची रीत विसरतो. त्याने कोणाची झडती घेतली नाही. त्याने मागितले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नाणे पुढे केले. त्यांच्याजवळ काय होते, ते त्यांनीच उघड केले.

दुसरा प्रसंग यहूदाचा. शिष्यांची पैशांची थैली त्याच्याकडे असे आणि तो त्यातले पैसे घेत असे, असे योहान लिहितो. तरीही थैली त्याच्याकडेच राहिली. येशू अजाण नव्हता आणि गप्पही बसला नाही; तुमच्यातला एक जण माझा घात करील, हे त्याने शेवटच्या भोजनाच्या वेळी सर्वांसमोर सांगितले. पण त्याने यहूदाच्या थैलीत हात घातला नाही, उलट त्याला आपल्या ताटात हात घालू दिला. आपण म्हणाल, ‘‘फादर, पण यहूदा कुठे सुधारला?’’ खरे आहे, नाही सुधारला. विश्वास टाकला की माणूस वाचतोच, अशी हमी शुभवर्तमानही देत नाही. झडतीने वाचतो, अशीही नाही. दोन्ही वाटांवर हरण्याचा धोका आहे. मात्र एका वाटेवर हरलो तरी नाते शिल्लक राहते, परत येणाऱ्याला दार उघडे राहते.

प्रायश्चित्त संस्कारातही हेच दिसते. देवाला सारे माहीत आहे, आपले बसणे आणि उठणेसुद्धा. तरीही तो आपला खिसा उलटा करीत नाही. आपणच आपल्या हाताने एकेक गोष्ट बाहेर काढावी, म्हणून तो थांबतो. ज्याला सर्व ठाऊक आहे तो थांबू शकतो, तर ज्यांना थोडेच ठाऊक आहे अशा आपण किती थांबावे?

म्हणून पालकांना माझे सांगणे इतकेच. आठ वर्षांच्या मुलाचा खिसा तुमचाच आहे. सतरा वर्षांच्या मुलाचा खिसा त्याचा होऊ लागला आहे. जिवाला धोका आहे असे खरोखर वाटले तर जरूर पाहा, पण नंतर ते त्याला सांगा: मी पाहिले, मला भीती वाटली म्हणून पाहिले. जे सापडले ते आधी त्यालाच दाखवा, एकट्याला. शेजारणीला नको, मामाला नको आणि फादरनाही लगेच नको. आधी विचारा, मग बोला. पती-पत्नींनो, एकमेकांचा मोबाइल चोरून पाहण्याची वेळ आली असेल, तर मोबाइलमध्ये काय आहे हा नंतरचा प्रश्न आहे. समोरासमोर विचारण्याचे धैर्य कधी आणि का संपले, हा पहिला. आणि तरुणांनो, आई विचारते तेव्हा ती पोलीस नसते. तिला थोडे तरी स्वतःहून सांगा.

त्या मुलाचे पुढे काय झाले? आठ-नऊ वर्षांनी तो मला शोधत आला. तोंडात दोन बोटेही नीट जात नव्हती. बसल्या बसल्या त्याने शर्टाच्या खिशातून एक पुडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. या वेळी ती कोणी काढायला लावली नव्हती. मग तो म्हणाला, ‘‘फादर, त्या दिवशी तुम्ही विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण तुम्ही विचारलंच नाही.’’

मी त्याची क्षमा मागितली. त्याने व्यसन सोडले. डॉक्टरांनी सांगितलेला तोंडाचा व्यायाम तो रोज करतो, तरी तोंड अजून पूर्ण उघडत नाही. भाकरीचे लहान तुकडे करून खातो. त्याच्या आईचे आणि त्याचे आता चांगले जमते.

हे लिहिताना मी माझा झगा चाचपून पाहिला. चर्चच्या किल्ल्या, जपमाळ, मोबाइल, आजाऱ्यांना लावायच्या पवित्र तेलाची डबी, आणि ज्यांनी प्रार्थना करायला सांगितली आहे त्यांच्या नावांची घडी घातलेली चिठ्ठी. आणखी एक वस्तू आहे. तिचे नाव मी येथे लिहीत नाही.

आज रविवारी दुपारच्या जेवणानंतर घरातल्या प्रत्येकाने आपल्या खिशातली एक वस्तू स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवावी आणि ती आपण का बाळगतो ते सांगावे. कोणती ठेवायची, हे ज्याने त्याने ठरवावे. बाकीच्यांनी नुसते ऐकावे.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू