मोरचुदाची साक्ष

शिष्य : गुरुजी, बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉन देऊन आतले पूर्ण कवच गाठण्याची धातूला इच्छा असते आणि दिलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या हीच त्याची संयुजा, हे आपण शिकविलेत तेच मी आता वर्गात सांगतो, परंतु सोडियमपाशी बिनतक्रार चालणारा हा कायदा तांब्यापाशी अडतो. तांब्याच्या 29 इलेक्ट्रॉनांपैकी एकच बाहेर, त्याखाली दहांनी भरलेले डी-उपकवच. तेव्हा ते एकसंयुजी असावे, आणि मोरचुदात तर द्विसंयुजी! नियम सांगावा तर असत्य पदरी येते, न सांगावा तर मुलांच्या हाती काहीच लागत नाही.

गुरुजी : अणूला इच्छा नसते, बाबा, ती मीच तुमच्या सोयीसाठी त्याच्यावर लादली. इलेक्ट्रॉनांचा विन्यास केवळ खर्चाचा आकडा सांगतो. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन 5.14 इलेक्ट्रॉन-व्होल्टांत सुटतो, पण दुसरा पूर्ण कवचातून उपटावयाचा असल्याने 47 हून अधिक मागतो, आणि तेवढी भरपाई कोणत्याही नित्याच्या संयुगात होत नाही. तांब्याचे आकडे 7.73 आणि 20.29, दुसरा भारी खरा, पण आवाक्यातला.

शिष्य : तो भरतो कोण?

गुरुजी : मोरचुदाच्या द्रावणात, पाणी. परीक्षानळीत मोरचूद तापवून पांढरी भुकटी कर, निवल्यावर तिच्यावर दोन थेंब पाणी सोड. निळाई परतते आणि नळी बोटांना ऊन लागते, ती याच देण्याघेण्याची चुणूक. दुहेरी भाराच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू अधिक घट्ट बसतात, आणि त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेत दुसऱ्या इलेक्ट्रॉनाचा खर्च भागतो. उलट, लाल क्युप्रस ऑक्साइड विरल गंधकाम्लात टाकलेस, तर त्यातले एकसंयुजी तांबे टिकतच नाही : निम्मे धातुरूपाने तळाशी बसते, निम्मे निळे होऊन द्रावणात उतरते.

शिष्य : मग संयुजा अणूच्या ठायी नाहीच म्हणावयाचे?

गुरुजी : इतक्या टोकाला जाऊ नकोस. तिसरा इलेक्ट्रॉन दिलेल्या लोहाच्या डी-उपकवचात पाच उरतात, पाच कक्षकांत एकेक, आणि ती रचना लोहाच्या त्रिसंयुजी स्वरूपाला बळ देते. विन्यासाची साक्ष घ्यावीच लागते. मात्र तेवढ्यावर निकाल देऊ नये.

शिष्य : पण चौदा वर्षांच्या मुलाने परीक्षेत लिहावे काय?

गुरुजी : तांब्याची संयुजा 1 आणि 2, आणि कोणत्या संयुगात कोणती. त्या वयाला तेवढे पुरते, आणि त्यात खोटे काही नाही. पाण्याचा हिशेब पुढच्या इयत्तेत विचार. तोवर मोरचूद मात्र प्रत्येकाच्या हाती दे.