वेदी आणि प्रयोगशाळा

शास्त्रपाठ : १ राजे ८:२२-३०, योहान २०:११-१८



शलमोनाने यरुशलेमेतील मंदिर पुरे केले आणि समर्पणाच्या दिवशी, सर्व इस्राएलासमक्ष हात पसरून, त्याने एक विलक्षण कबुली दिली. ज्या देवाला आकाशांपलीकडचे आकाशही अपुरे पडते, तो आपण बांधलेल्या या घरात कसा मावणार, असे त्याने प्रार्थनेत विचारले. सात वर्षे खपून, गंधसरूचे लाकूड आणि सोने वेचून उभारलेल्या वास्तूविषयी खुद्द बांधणाऱ्यानेच असे बोलावे! आपल्या मंडळ्यांच्या बांधकाम समित्यांनी हा अध्याय अधूनमधून वाचावा.

पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ कोकण, गोवा व कर्नाटकाचा किनारा ओलांडून केरळात उतरतो आणि कन्याकुमारीस संपतो. मुलाबाळांसह मोटारीने कन्याकुमारीला जाणारी आपली कित्येक कुटुंबे तिरुवनंतपुरमलगतच्या थुंबा या मच्छीमारांच्या वस्तीजवळून न थांबता पुढे जातात. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या तेथील आवारात संत मग्दालीया मरीयेचे जुने चर्च आहे, आणि त्याच चर्चमध्ये आज अंतराळ संग्रहालय आहे. आम्ही मुलांना घेऊन तेथे गेलो. थोरला रॉकेटांच्या प्रतिकृतींपुढून हलेना. धाकटी मात्र कमानींकडे पाहत म्हणाली, "पप्पा, इथली वेदी कुठे गेली?"

प्रश्न लहान मुलीचा, पण त्याचे उत्तर द्यायचे तर १९६० च्या दशकाच्या आरंभी जावे लागते. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताची रेषा थुंबाजवळून जाते. या रेषेवर मोकळी टांगलेली चुंबकसूची उत्तरेकडे वा दक्षिणेकडे न कलता आडवी राहते. तिच्यावर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, वातावरणाच्या विद्युत्भारित थरातून, दिवसा एक प्रबळ विद्युत्प्रवाह वाहतो. तेथवर फुगे पोहोचत नाहीत, आणि उपग्रह त्याहून वरून फिरतात. तेव्हा अभ्यास करायचा तर लहान रॉकेटेच सोडावी लागणार, आणि तीही तेथूनच. नेमक्या त्या वाळूवर मच्छीमारांची घरे होती, आणि त्यांचे चर्चही.

डॉ. विक्रम साराभाई ही जागा मागण्यासाठी बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्याकडे गेले. डॉ. अब्दुल कलाम यांनी ही हकीकत पुढे वारंवार सांगितली. तिच्याप्रमाणे बिशपांनी स्वतः निर्णय दिला नाही. त्यांनी साराभाईंना रविवारच्या उपासनेला बोलावले, मंडळीपुढे मागणी ठेवली, आणि मंडळीने 'आमेन' म्हटले. प्रार्थनेची खोली प्रयोगशाळा झाली आणि बिशपांच्या खोलीत आराखडे काढले जाऊ लागले. रॉकेटचे भाग सायकलवरून नेले जात. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट उडाले. ते अमेरिकेने दिलेले 'नायके-अपाची' होते, आणि त्याची जुळणी याच चर्चच्या इमारतीत झाली होती. संध्याकाळच्या आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग पसरला.

ही कथा आपण ख्रिस्ती लोक अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण सांगताना आपण बहुधा बिशपांचे औदार्य सांगतो आणि कोळ्यांचे विसरतो. बिशपांची एक खोली गेली. कोळ्यांचे घर गेले, होडी ओढण्याचा किनारा गेला, आणि ज्या ठिकाणी आईबापांची लग्ने लागली व लेकरांचे बाप्तिस्मे झाले, ते ठिकाण गेले. ज्यांच्यापाशी थोडे असते त्यांच्या 'आमेन'ची किंमत मोठी असते. राष्ट्रकार्यासाठी कोणाकडे काही मागणाऱ्याने ती ओळखली पाहिजे, मग मागणारा सरकार असो वा बिशप.

ते चर्च मग्दालीया मरीयेच्या नावाचे असावे, याचा मी बराच विचार केला. रिकाम्या कबरेजवळ रडत उभी असलेली ही स्त्री प्रभूला माळी समजते. तो तिला नावाने हाक मारतो, आणि ओळख पटताक्षणी ती त्याला धरू पाहते. तोच प्रभू तिला म्हणतो की मला धरून ठेवू नकोस. ही आज्ञा प्रेम नसणाऱ्याला दिलेली नाही, सर्वांत अधिक प्रेम करणाऱ्या व्यक्तीला दिलेली आहे. म्हणूनच ती कठीण आहे. जे आवडत नाही ते सोडायला आज्ञा लागत नाही.

आपल्या मंडळ्यांकडे पाहावे. मिशनरींनी मागे ठेवलेले बंगले, शाळांची आवारे आणि दफनभूमींच्या भिंती यांच्यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयांच्या पायऱ्या झिजवीत आहोत. वादी ख्रिस्ती, प्रतिवादीही ख्रिस्ती. जागा राखणे हे पाप नव्हे. बळकावणाऱ्याच्या हाती ती जाऊ देणे हा त्यागही नव्हे. परंतु शेजारच्या वस्तीतील मुलांच्या अभ्यासिकेसाठी कोणी आपले बंद पडलेले सभागृह मागितले, तर रविवारी तो प्रश्न मंडळीपुढे ठेवण्याचे धैर्य आपल्या किती समित्यांत आहे? आणि ठेवलाच, तर 'आमेन' म्हणणारे किती निघतील?

धाकटीला मी सांगितले, "वेदी माणसांबरोबर गेली. त्यांच्यासाठी जवळच दुसरे चर्च उभे राहिले."

तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग त्यांना हे जुने बघायला आत येऊ देतात ना?"