वचनांचा केक

(मननासाठीं शास्त्रभाग : १ शमुवेल ३०:११–२५)



इंग्लंड व अमेरिका या देशांतील ख्रिस्ती मंडळ्यांमध्यें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुक्या मेव्याच्या एका केकची कृति हातोहात फिरूं लागली. तिला 'शास्त्रवचनांचा केक' असें नांव पडलें. एक भगिनी ती कागदावर उतरून घेई व मैत्रिणीस देई. मैत्रीण ती शेजारणीस देई. मंडळीच्या मदतीसाठीं छापलेल्या पाकपुस्तकांतही ती येई. तिची मौज अशी कीं, तींत पीठ, लोणी, साखर हे शब्दच नसतात. मापें आणि वचनांचे आंकडे एवढेंच लिहिलेलें असतें. जिला केक करावयाचा असेल तिनें आधीं शास्त्र उघडावें, मग चूल पेटवावी!

मापें घरोघर थोडीं वेगळीं असतात. एक प्रचलित रीत अशी : १ राजे ४:२२ मधून साडेचार कप, म्हणजे शलमोनाच्या कोठारांतील सपीठ, शास्ते ५:२५ मधून एक कप, म्हणजे लोणी, यिर्मया ६:२० मधून दोन कप, म्हणजे साखर, १ शमुवेल ३०:१२ मधून दोन कप, म्हणजे मनुका, नहूम ३:१२ मधून दोन कप, म्हणजे अंजीर, गणना १७:८ मधून एक कप, म्हणजे अहरोनाच्या काठीस लागलेले बदाम, १ शमुवेल १४:२५ मधून दोन मोठे चमचे, म्हणजे रानांतला मध, यिर्मया १७:११ मधून सहा, म्हणजे अंडीं, शास्ते ४:१९ मधून अर्धा कप, म्हणजे दूध, आमोस ४:५ मधून दोन लहान चमचे, म्हणजे खमीर, ज्याच्या जागीं बेकिंग पावडर घालतात, लेवीय २:१३ मधून एक चिमूट, म्हणजे मीठ, आणि २ इतिहास ९:९ मधून शबाच्या राणीचे मसाले, रुचीप्रमाणें.

शेवटीं लिहिलेलें असतें कीं, नीतिसूत्रें २३:१४ येथें शलमोनानें मुलगा सुधारण्याचा जो उपाय सांगितला तो करावा. म्हणजे मिश्रणास चांगला मार द्यावा. हा विनोद आहे, आणि तो पिठापुरताच ठेवावा. लोणी व साखर जितकीं फेंटावीं तितकी त्यांत हवा शिरते आणि केक हलका होतो. लेंकरूं मात्र मारानें हलकें होत नाहीं, तें आंतून जड होतें.

करण्याची रीत सोपी आहे. लोणी व साखर फेंटून घ्यावीं. त्यांत एकेक अंडें, मग मध व दूध घालावें. पीठ, मीठ, मसाले व पावडर एकत्र चाळून मिसळावीं. मेवा थोड्या कोरड्या पिठांत घोळवून सर्वांच्या शेवटीं घालावा. आंच मंद असावी. असा जाड केक उतावळीनें भाजला तर बाहेरून करपतो व आंत कच्चा राहतो; म्हणून दीड तास किंवा अधिकही वेळ लागतो. ज्या घरीं भट्टी नाहीं तेथें मोठ्या पातेल्यांत वाळू तापवून तीवर भांडें ठेवावें, आणि झांकणावर निखारे घालावे. साखर व सुका मेवा ओलावा धरून ठेवतात, त्यामुळें हा केक पुष्कळ दिवस टिकतो.

आतां आम्ही वचनांकडे वळूं. ह्या कृतीपासून तीन बोध घेण्याजोगे आहेत.

पहिला बोध : एक शब्द उचलणें निराळें, आणि वचन वाचणें निराळें. कृति करणारी भगिनी 'लोणी' एवढाच शब्द घेते व पुस्तक मिटते. परंतु तिनें तें पान पुरतें वाचलें तर काय दिसेल? तें लोणी याएलेनें सीसरा सेनापतीस दिलें. त्यानें पाणी मागितलें, तिनें दूध दिलें, पांघरूण घातलें, आणि तो झोंपल्यावर त्याच्या कानशिलांत मेख ठोकली. मूळ इब्री शब्दाचा अर्थही विरजलेलें दूध असा आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरानें त्याचें लोणी केलें. अंजिराचें वचन पाहावें, तर तेथें निनवे नगराचे कोट पक्व अंजिरांसारखे हालवितांच गळून पडतील असा इशारा आहे. अंड्याचें वचन पाहावें, तर तेथें न घातलेलीं अंडीं उबविणाऱ्या तित्तिराची उपमा आहे, आणि ती अन्यायानें धन जमविणाऱ्यास लाविली आहे. खमिराचें वचन पाहावें, तर संदेष्टा उपरोधानें बोलत आहे : तुम्ही उपकारस्तुतीचे यज्ञ करा व त्यांचा डांगोरा पिटा, कारण तुम्हांस तेंच आवडतें!

ज्यांस गोड पक्वान्नाचे पदार्थ वाटले ते बहुतेक इशारे निघाले. उपदेशक बंधूंनो, हा प्रसंग आपल्यावरही येतो. रविवारीं बोलावयाचें असतें, वेळ थोडा असतो, आणि आम्ही आपल्या मनांतल्या गोष्टीस जुळणारा एक शब्द शोधून काढतों. तो शब्द खरा असतो, परंतु त्याच्या आसपास देव काय बोलत आहे तें राहून जातें. म्हणून वचनाच्या आधींचीं दहा व नंतरचीं दहा वचनें वाचल्यावांचून कोणीं उभें राहूं नये.

दुसरा बोध साखरेचा आहे. यिर्मयाच्या त्या वचनांत दूर देशाहून आणलेल्या गोड उसाचा उल्लेख जुन्या इंग्रजी भाषांतरांत आहे. मूळांत ती सुवासिक बोरूची जात होय, असें विद्वान सांगतात. कांहीं असो, देव तेथें विचारतो कीं ही दुरून आणलेली भेट माझ्या काय कामाची, जर तुम्ही माझें ऐकत नाहीं? ज्या इंग्लंडांत मेव्याचा केक सणाचें पक्वान्न झाला तेथें एके काळीं ही साखर खरोखरच दूर देशाहून येत असे. वेस्ट इंडीज बेटांत आफ्रिकेहून पकडून आणलेले गुलाम ती पिकवीत. १७९१ सालीं विल्यम फॉक्स यांनीं एक पत्रक छापून लोकांस विनंती केली कीं, ही साखर घेऊं नका. घेणारा हा त्या पापांतला भागीदार आहे. टॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणें सुमारें तीन लक्ष माणसांनीं ती साखर सोडिली. १८०७ सालीं गुलामांचा व्यापार बंद झाला, परंतु गुलामगिरी राहिली. तेव्हां लेस्टर शहरच्या एलिझाबेथ हेरिक या बाईंनीं १८२४ सालीं लिहिलें कीं, गुलामांची सुटका हळूहळू नको, तात्काळ पाहिजे. आणि त्या घरोघर जाऊन साखर सोडण्याविषयीं स्त्रियांची समजूत घालूं लागल्या. १८३१ सालीं त्या वारल्या. मुक्ततेचा कायदा १८३३ सालीं झाला. त्यांनीं तो पाहिला नाहीं. परंतु स्वैंपाकघरांत उभें राहूनही न्यायाचें काम करितां येतें, हें त्यांनीं दाखविलें.

ही गोष्ट परक्या देशाची म्हणून सोडून देतां येणार नाहीं. आमच्या महाराष्ट्रांत साखर पुष्कळ होते. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात, कोप्यांत राहतात, आणि पतिपत्नी मिळून एक 'कोयता' म्हणून मोजलीं जातात. काम चुकलें तर खाडा धरून पैसे कापले जातात. ह्या जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या कित्येक स्त्रियांचीं गर्भाशयें काढून टाकिल्याची गोष्ट २०१९ सालीं उघडकीस आली, आणि सरकारास चौकशीसाठीं समिति नेमावी लागली. नाताळाच्या दिवशीं जेव्हां आम्ही केक कापतों, तेव्हां हीं कुटुंबें फडांत असतात. आम्ही साखर खाऊं नये असें सांगत नाहीं. परंतु गोडाच्या मागें कोणाचे हात आहेत हें विचारल्याशिवाय केलेली उपकारस्तुति आमोसानें सांगितलेल्या डांगोऱ्यासारखीच होय.

तिसरा बोध मनुकांचा आहे, आणि आमच्या मतें तोच ह्या केकचें अंतःकरण आहे. दावीदाच्या माणसांना रानांत एक मिसरी तरुण सांपडला. तीन दिवस व तीन रात्री त्याच्या पोटांत अन्न किंवा पाणी गेलें नव्हतें. तो कोण म्हणून विचारतां त्यानें सांगितलें कीं, मी एका अमालेक्याचा गुलाम. मी आजारी पडलों म्हणून धन्यानें मला टाकून दिलें. बंधूंनो, खाड्याची रीत किती जुनी आहे पाहा! ज्या टोळीनें सिकलाग जाळलें व दावीदाच्या माणसांचीं बायकामुलें नेलीं, त्याच टोळीबरोबरचा हा माणूस. तरी त्याची चौकशी होण्यापूर्वीं त्याला भाकर, पाणी, अंजिरांच्या ढेपेचा तुकडा व मनुकांचे दोन घड मिळाले. आधीं खाऊं घातलें, मग नांव विचारलें. खाल्ल्यावर त्याच्या जिवांत जीव आला, आणि पुढें त्यानेंच वाट दाखविली. ज्याला धन्यानें निरुपयोगी ठरविलें त्याच्यावांचून तीं बायकामुलें परत मिळालीं नसतीं.

त्याच अध्यायाच्या शेवटीं आणखी एक गोष्ट आहे. सहाशेंपैकीं दोनशें माणसें थकून बसोर ओढ्यापाशीं राहिलीं होतीं. जे लढावयास गेले त्यांपैकीं कांहीं म्हणाले, ह्यांस वांटा नको. दावीदानें तें मानिलें नाहीं. सामानापाशीं बसलेल्यास आणि लढणाऱ्यास सारखाच वांटा, असा त्यानें नियमच करून ठेविला. कारण जें मिळालें तें परमेश्वरानें दिलें, आमच्या तरवारीनें मिळविलें नाहीं.

आतां ह्या कृतीच्या कागदाकडे पुन्हा पाहूं. तो कागद आजवर कसा टिकला? कोणीं पेटींत कुलूप लावून ठेविला म्हणून नव्हे, तर प्रत्येकीनें तो दुसरीस दिला म्हणून. पुष्कळ घरीं हाताची खुबी लपवून ठेवण्याची चाल असते. करंजीच्या सारणांत काय घातलें तें विचारलें तर बाई हंसून वेळ मारून नेते. ही कृति तशी नाहीं. देणारीचें कांहीं कमी होत नाहीं, आणि घेणारीच्या घरीं नवा केक होतो. सुवार्तेची रीतही हीच आहे. आम्हांस ती फुकट मिळाली. ज्यांनीं दिली त्यांचीं नांवें पुष्कळदां आम्हांस ठाऊकही नाहींत. ती धरून बसूं तर ती आमच्याजवळच विटेल.

म्हणून येत्या नाताळास मंडळीनें एक करावें. भगिनींनीं ही कृति उतरून घ्यावी, वचनें पुरतीं वाचावीं, मुलांकडून वाचवून घ्यावीं, आणि जमेल तसा केक करावा. बदाम महाग असतील तर शेंगदाणे घालावे. प्रेमास त्यानें उणेपणा येत नाहीं. पहिला तुकडा घरांत कापण्यापूर्वीं ज्याला कामावरून टाकिलें आहे, जी आजारी आहे, ज्या फडावर आपल्याच गांवचीं माणसें उतरलीं आहेत, तेथें पोंचवावा. त्यांची जात किंवा मंडळी आधीं विचारूं नये. परत आल्यावर मुकादमाचा हिशोब वाचतां येत नाहीं अशा कोणास एक चिठ्ठी वाचून दाखविली, तर तोही केकचाच तुकडा समजावा.

हे दयाळू पित्या, तुझें वचन आम्ही शब्द उचलण्यासाठीं नव्हे तर ऐकण्यासाठीं उघडावें असें कर. आमच्या गोडांत कोणाचें कडू मिसळलेलें असेल तर तें आम्हांस दाखीव. रानांत टाकिलेल्या त्या मिसऱ्यास जसें तूं विसरला नाहींस, तसें फडांतल्या आमच्या भावाबहिणींस आम्हीं विसरूं नये म्हणून आम्हांस बुद्धि दे. आमेन.