मरियेचा मान कशाचा?

८ सप्टेंबर हा येशूची आई मरिया हिचा जन्मोत्सव. बंगळूरच्या शिवाजीनगरातील सेंट मेरीज बॅसिलिकात २९ ऑगस्टला ध्वज चढतो, नऊ दिवस नोव्हेना ही प्रार्थना चालते आणि सणाला साडी नेसवलेल्या आरोग्यमाता मरियेचा रथ निघतो. भगव्या वस्त्रांतल्या भाविकांत हिंदूही पुष्कळ. शहराच्या जयनगर भागातूनही माणसे जातात. पण त्याच जयनगरात असेही ख्रिस्ती आहेत, जे रविवारची उपासना चुकवत नाहीत आणि या रथामागे मात्र कधी जात नाहीत. ते विचारतात, हे बायबलमध्ये कुठे आहे?

प्रश्न रास्त आहे. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त, असे तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र सांगते. मरियेकडे प्रार्थना करावी अशी आज्ञा नव्या करारात नाही. कॅथलिकांचे उत्तरही ठाम असते. आराधना फक्त देवाची. मरियेला वंदन करायचे आणि आमच्यासाठी देवाकडे विनंती कर, एवढेच मागायचे. देवदूताने तिला नमस्कार केला, नातलग अलीशिबेने तिला धन्य म्हटले, मग आम्ही का म्हणू नये?

ही ओढाताण कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन पंथांपुरती नाही. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढावा की चर्चविषयीच्या दस्तऐवजातच तिच्याबद्दल लिहावे, यावर मतदान झाले. १,११४ विरुद्ध १,०७४ अशा निसटत्या बहुमताने तिला चर्चविषयीच्या दस्तऐवजात स्थान मिळाले. म्हणजे कॅथलिक बिशपांचेही एकमत नव्हते. उलट, धर्मसुधारणेचा अग्रणी ल्यूथर याने १५२१ साली लूकच्या शुभवर्तमानात तिने गायिलेल्या स्तोत्रावर आदराने भाष्य लिहिले.

आज सकाळी वाचायचे तर लूकचे शुभवर्तमान वाचावे, कारण दोन्ही बाजूंची वचने तिथेच आहेत. सगळ्या पिढ्या आपल्याला धन्य म्हणतील, असे मरिया पहिल्या अध्यायात म्हणते. अकराव्या अध्यायात गर्दीतली एक बाई येशूला जन्म देणाऱ्या आईचे गुणगान करते, तेव्हा तो म्हणतो की देवाचे वचन ऐकून पाळणारे खरे धन्य. एक बाजू पहिल्या अध्यायावर बोट ठेवते, दुसरी अकराव्यावर. लूकने मात्र दोन्ही लिहिले, आणि त्याला त्यात विसंगती दिसली नाही.

दिसणार तरी कशी? देवदूताचे ऐकून मी प्रभूची दासी आहे असे मरिया म्हणाली, तेव्हा लग्नाआधी आई होणार असलेल्या तिच्यापुढे लोकनिंदेची भीती होती आणि हाती पुरावा काहीच नव्हता. तिने आधी वचन ऐकले, मग ती आई झाली. येशूने आईचा मान कमी केला नाही. तो कशाचा आहे ते सांगितले. यावर प्रॉटेस्टंट म्हणतील, मग ती आपल्यातलीच एक. कॅथलिक म्हणतील, आपल्यातली पहिली. हे अंतर लगेच मिटणार नाही, आणि ते मिटल्याचे सोंगही करू नये.

पण तिच्या स्तोत्रात सत्ताधीश सिंहासनावरून खाली येतात, भुकेल्यांना पोटभर मिळते आणि श्रीमंत रिकाम्या हाताने परततात. तिला हाक मारावी की नाही, यावर वाद होऊ शकतो. तिने ऐकले तसे ऐकावे, यावर दोघांपैकी कुणाचाच आक्षेप नाही. अडचण एवढीच, की वाद घालणे त्यापेक्षा सोपे आहे.