दांडी, झाकण आणि नंदी

लायका हा जर्मन कॅमेरा म्हणजे मोठा घरंदाज. १९५४ च्या एम-३ मध्ये रोल भरायचा तर बुडाचं झाकण काढावं लागे. पुढे रोल गेला, बॅटरी नि कार्ड आलं. तरी झाकण काढणं चालूच! २०१८ च्या एम-१०-डीत तर रोल नसताना रोल ओढायची दांडी. कशाला? अंगठा टेकायला! जानवं उरावं किल्ली अडकवण्यापुरतं, तसं.

२०२२ च्या एम-११ मध्ये ते झाकण गेलं. बुडाचं गेलं म्हणून परंपरा बुडाली का?

आम्हा हिंगोलीकरांना याचं उत्तर औंढ्याला सापडतं. नागनाथाच्या देवळात नंदी मागच्या बाजूला आहे. कथा अशी, की नर्सीच्या नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे धाडलं, तेव्हा देऊळच फिरलं. म्हणजे देवानं दाराची दिशा सोडली, कीर्तन नाही सोडलं.

खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून अंतर साधणं, हे या कॅमेऱ्याचं कीर्तन. ते चालू आहे तोवर झाकण गेलं काय नि दांडी गेली काय! पण २०२५ च्या एम-ईव्ही-१ मध्ये जुळवाजुळव काढून खिडकीत इलेक्ट्रॉनिक पडदाच बसवला. सोय झाली, यात शंका नाही. पण आता देऊळ आहे, दार आहे, कीर्तन तेवढं नाही. बिचाऱ्या नंदीनं तोंड करावं तरी कुठे?